सभासद नसलेले पक्ष

शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस फुटल्यापासून महाराष्ट्रात एक उपाय पुन्हा पुन्हा सुचवला जातो, आणि दर वेळी माझी चिडचिड होते. पक्षांतर्गत निवडणुका सक्तीच्या करणारा जर्मनीसारखा कायदा आणा, म्हणजे घराणेशाही आणि फोडाफोडी दोन्ही आटोक्यात येतील, असे हे मत. जर्मनीत राहून आणि इथल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाची वर्गणी नियमित भरून मला एवढे नक्की सांगता येईल की कायदा इथे आहे, पण पक्ष काही त्या कायद्यामुळे उभे राहिलेले नाहीत.

पक्षाची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असावी, असे इथली राज्यघटना १९४९ पासून सांगते. त्यावरचा सविस्तर कायदा १९६७ चा. माझ्या पक्षाचे मूळ मात्र १८६३ मधले आहे. चान्सलर बिस्मार्कच्या काळात, १८७८ ते १८९० या वर्षांत, पक्षाच्या संघटनेवर बंदी होती आणि द्यायला मंत्रिपदे नव्हती. तरीही १८९० च्या निवडणुकीत सर्वाधिक मते त्यालाच पडली. सत्ता दिसण्याआधी वर्गणी आणि शाखा यांवर जगण्याची सवय लागली, ती अजून पुरते आहे. आमच्या शाखेत खजिनदारपदासाठी एकच उमेदवार असला तरी चिठ्ठ्या वाटून गुप्त मतदान होते, चिठ्ठ्या मोठ्याने मोजल्या जातात, आणि कोणाला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. (हजर असलेल्यांत बहुतेक पेन्शनर असतात, हेही खरे. १९९० मध्ये नऊ लाखांवर सभासद असलेला हा पक्ष आज चार लाखांच्या खाली आला आहे.)

भारतात प्रौढ मताधिकार १९५१-५२ मध्ये एका झटक्यात सर्वांना मिळाला, आणि नंतर निघालेल्या पक्षांना संघटना बांधण्याआधीच उमेदवार शोधावे लागले. ज्याच्याकडे स्वतःचा पैसा आणि माणसे, तोच मग तालुक्यातला पक्ष झाला. तरीही ‘आपली लोकशाही अजून तरुण आहे’ ही सबब मला पटत नाही. चार आणे वर्गणी आणि भाषावार प्रांतिक समित्या असलेली घटना काँग्रेसने १९२० मध्ये नागपूरला स्वीकारली होती, आणि १९३९ मध्ये खुद्द गांधीजींचा उमेदवार अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुभाषबाबूंकडून हरला होता. त्याच पक्षात १९७२ नंतर वीस वर्षे संघटनात्मक निवडणुका झाल्या नाहीत. सभासद होते; त्यांना विचारणे बंद झाले.

म्हणूनच २०२३ मध्ये शिवसेना कोणाची हे ठरवताना निवडणूक आयोगाने अखेर आमदार-खासदार मोजले; पक्षाच्या घटनेवर आणि संघटनेतल्या बहुमतावर विसंबता येत नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्याच वर्षी इथे ‘डी लिंके’ या डाव्या पक्षाच्या ३८ खासदारांपैकी नेत्या सारा वागेनक्नेश्ट यांच्यासह दहा जण बाहेर पडले. उरलेल्यांचा संसदीय गट मोडला, पण पक्षाचे नाव कोणाचे हा प्रश्नच उद्भवला नाही. बाहेर पडलेले अल्पमतात होते, हे मान्य. पण बहुमतात असते तरी त्यांना नवाच पक्ष काढावा लागला असता, कारण नाव सभासदांचे असते, खासदारांचे नव्हे.

हे सांगताना माझा सूर चढतो, याची मला कल्पना आहे. भारतीय पासपोर्टमुळे इथल्या संसदेसाठी मला मत नाही. परदेशस्थ मतदार म्हणून महाराष्ट्रात नाव नोंदवता येते, पण मत द्यायला केंद्रावर स्वतः हजर राहावे लागते. असे असूनही २०१८ मध्ये मर्केल यांच्याबरोबर सरकारात जावे की नाही यावर पक्षाने सभासदांचे मत मागवले, तेव्हा परदेशी नागरिक असलेल्या सभासदांनाही मतपत्रिका आली. प्रतिज्ञापत्रावर सही करून मी ती टपालात टाकली. मी विरोधात होतो. ६६ टक्के बाजूने गेले आणि सरकार बनले. हे मी जुन्या मित्रांना ऐटीत सांगितले, तेव्हा एकाने विचारले की भारतात असताना तू कोणत्या पक्षात होतास. कोणत्याच नाही. सतरंज्या उचलणारे कार्यकर्ते मी तेव्हा दुरूनच पाहत असे, आणि माझ्या घरात ते काम कोणी करावे असे कोणाला वाटत नव्हते. कायद्याची मागणी करणाऱ्या या मित्रांपैकीही आज कोणी कोणत्या पक्षाचा सभासद नाही. सक्तीच्या त्या निवडणुकांत मत नेमके कोण देणार, हे त्यांच्यातल्या एकानेही अजून सांगितलेले नाही.