ग्रंथपाल बाईंना ऑफ तासावर पाठवू नका

साताऱ्यातल्या आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर महिनाभर एकच विषय चालू आहे. आमची बॅच शाळेला काहीतरी देणार आहे आणि बहुतेकांचा कल डिजिटल वाचनालयाकडे आहे: २० टॅब, एक मोठा स्क्रीन, जमलं तर एसी. काहींना कपाटं आणि पुस्तकंच द्यायची आहेत. मी इथे सिडनीत बसून दोन्ही बाजू वाचते. इतक्या मेसेजमध्ये ग्रंथपाल बाईंचा उल्लेख एकदाही आलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या वेळी ग्रंथालय जिन्याशेजारच्या खोलीत होतं. काचेची कपाटं, त्यांना कुलपं, टेबलावर दाखल नोंदवही आणि शिक्का. बाई ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेल्या. पण एखादे सर रजेवर गेले की ऑफ तासाला वर्गावर बाईच यायच्या, आणि उरलेल्या वेळात शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायच्या.

इतिहासाच्या धड्यात प्रतिसरकार, म्हणजे १९४२ च्या आंदोलनात सातारा भागात क्रांतिकारकांनी इंग्रजांविरुद्ध उभं केलेलं समांतर सरकार, आलं आणि काही ओळींत संपलं. घरी विषय निघाला तेव्हा आजी म्हणाली, १९४२ मध्ये वडूजला मोर्चावर गोळीबार झाला त्या दिवशी तिचे मामा मोर्चात होते. मी हे ऑफ तासाला बाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी तीन पुस्तकं काढून ठेवली होती, पानांत कागदाच्या खुणा घालून. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की पाठ्यपुस्तकातली गोष्ट आमच्या घरातून गेलेली आहे. पण इतिहासाच्या सरांना यातलं काहीच कळलं नाही. बाईंनी त्यांना सांगायचं तरी कधी? दोघांची गाठ पडायची ती मधल्या सुट्टीतल्या चहाला. ती तीन पुस्तकं एका मुलीपर्यंत पोचली, वर्गातल्या बाकी सगळ्यांपर्यंत नाही. याची हळहळ मला आजही वाटते.

माझी मुलगी इथे पाचवीत आहे. यंदा त्यांना सोन्याच्या खाणींचा काळ होता, त्यात १८५४ सालचा बॅलराटच्या खाणकामगारांचा उठाव. तिच्या वर्गशिक्षिका आणि ग्रंथपाल यांनी सत्र सुरू होण्याआधी एकत्र बसून प्रश्न ठरवला होता: हे घडलं असं आपल्याला कोण सांगतंय? ग्रंथपालांनी राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ संग्रहातून त्या काळची वर्तमानपत्रं काढली. तासाला दोघी वर्गात हजर. एकीने इतिहास शिकवला, दुसरीने बातमी कशी तपासायची ते: कोणी लिहिली, कधी, कोणासाठी. वह्याही दोघींनी मिळून तपासल्या. एका संध्याकाळी मुलगी मला म्हणाली, “आई, हे सरकारच्या बाजूच्या माणसाने लिहिलंय. खाणवाल्यांनी लिहिलेलं कुठे मिळेल?” दहा वर्षांच्या मुलीचा हा प्रश्न मला कुठल्याही गुणपत्रिकेपेक्षा मोलाचा वाटला.

इथल्या या पदाचं नावच ‘टीचर लायब्ररियन’. शिक्षकाची पात्रता हवी, वर ग्रंथालयाचं शिक्षण.

म्हणून इथे सगळं छान आहे असं मात्र नाही. याच राज्यातल्या अनेक प्राथमिक शाळांत वर्गशिक्षकांना तयारीसाठी मोकळा वेळ द्यायचा म्हणून मुलांना ग्रंथालयात पाठवतात. मुलं आत आली की शिक्षिका बाहेर. मुलीची आधीची शाळा अशीच होती. सुंदर दालन, भरपूर पुस्तकं, प्रेमळ ग्रंथपाल. पण दोन वर्षांत वर्गात चाललेल्या धड्याचा आणि ग्रंथालयाच्या तासाचा कधी संबंध आला नाही. ते बघताना मला जिन्याशेजारची आमची खोली आठवायची. दोन्हीकडे ग्रंथपालाचा उपयोग रिकामी जागा भरायला होत होता. शिक्षिका आणि ग्रंथपाल दोघी एका वेळी एका वर्गात उभ्या राहतील असा तास वेळापत्रकात हवा, आणि तो कितीही देणगी दिली तरी आपोआप येत नाही.

आपल्याकडे अडचण आणखी खोल आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय सांगितलं, वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टीची पुस्तकं सांगितली; ती मुलांच्या हातात देणारा माणूस सांगितला नाही. माध्यमिक शाळेत पूर्णवेळ ग्रंथपाल मिळायला पटसंख्या हजाराच्या घरात लागते. आणि पद मिळालं तरी ते ‘शिक्षकेतर’. या एका शब्दाने फार नुकसान केलं आहे. शिक्षकेतर माणसाला पाठ नियोजनाच्या बैठकीला कोण बोलावणार?

ग्रुपमधली माझी एक मैत्रीण कराडजवळ शिकवते. ती म्हणाली, “वर्गात साठ मुलं, पोर्शन संपत नाही, त्यात जोडीने शिकवायचं कुठलं?” तिचं म्हणणं खरं आहे. म्हणून मी वर्षभराची योजना मागत नाही. एका इयत्तेत एक धडा.

आठवीचं प्रतिसरकारच घ्या. ३ सप्टेंबर १९४२ चा तासगावचा मोर्चा, ९ सप्टेंबरचा वडूजचा, परशुराम घार्गे ज्यात गोळीबारात मारले गेले तो मोर्चा, ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ लुटलेली रेल्वे, प्रतिसरकारचं लढाऊ दल असलेली कुंडलची तुफान सेना. सगळं एसटीने जाऊन यावं इतकं जवळ. सरांनी धडा शिकवावा. बाईंनी जिल्हा गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ), आठवणींची पुस्तकं, जुनी कात्रणं टेबलावर मांडावीत, आणि आजोबांची आठवण व छापील मजकूर जुळला नाही तर काय करायचं ते शिकवावं. टॅब असतील तर त्यावर हेच शोधता येईल. पण शोधायचं काय, हे बाई आणि सर आधी बसून ठरवतील तेव्हाच.

तेव्हा माझ्या वाट्याचे पैसे मी देते आहे, पण आधी आपण मुख्याध्यापकांना भेटून दोन गोष्टी मागू. ग्रंथपाल बाईंना ऑफ तासावर पाठवू नये, आणि आठवड्यातून एक तास त्यांना विषयशिक्षकांबरोबर नियोजनाला द्यावा. फॉर्म भरायला अर्ध्या दिवसाचा मदतनीस ठेवायचा खर्च आपल्या निधीतून करू. २० ऐवजी १० टॅब घेतले तर तो सहज निघेल.

आत्ताच्या बाईंना मी ओळखत नाही. शाळेच्या ऑफिसातून त्यांचा नंबर मिळवला आहे. त्यांना काय हवंय ते या शनिवारी शाळा सुटल्यावर फोन करून विचारणार आहे, आणि त्या म्हणतील ते जसंच्या तसं ग्रुपवर टाकेन. तोपर्यंत टॅबची ऑर्डर देऊ नका.