फक्त वेळ पाळून भागत नाही
‘टॅक्रोलिमस रोज ठरल्या वेळी घेतली की निम्मी काळजी मिटली’ हे प्रत्यारोपणाच्या रुग्णांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला पटलं नाही. टॅक्रोलिमस म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध. माझ्या धाकट्या भावाचं किडनी प्रत्यारोपण झालंय. खोकला हटेना म्हणून सिंहगड रोडवरच्या एका दवाखान्यात त्याला क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं, प्रत्यारोपणाचं सांगूनही! काही दिवसांतच हात थरथरायला लागले, किडनीचं काम बिघडल्याचं दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं. टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी भलतीच वर गेली होती, कारण ते औषध मोडणारं यकृतातलं एन्झाइमच हे अँटिबायोटिक अडवतं. गोळी मात्र तो घड्याळ लावून घेत होता.

टीबीवरचं रिफाम्पिसिन नेमकं उलट करतं: पातळी इतकी उतरते की शरीर नवी किडनी नाकारू शकतं. आपल्याकडे टीबी एवढा असताना लेखात याचा उल्लेखही नसावा? पपनससुद्धा या रुग्णांनी टाळायचं असतं, तेही कृपया लिहा.