जलकुंभी काढायला दुसऱ्या रविवारी कोण येणार?

मंडळी, जरा लांब लिहितेय पण पूर्ण वाचा, कारण आता नाही बोलले तर ह्या उन्हाळ्यात परत तेच होणार आहे.

मागच्या थंडीत आमच्या कॉलनीमागच्या तलावातली जलकुंभी काढायचं ठरलं. (पुण्याकडची आमची मंडळी हिला जलपर्णी म्हणतात, आम्ही इंदूरवाले जलकुंभीच म्हणतो.) पहिल्या रविवारी साठेक माणसं आली, शाळेची मुलं, जिमवाली पोरं, भजनी मंडळाच्या बायका, कोणी पोहे-जिलबी आणली, दोन ट्रॉल्या भरून माल निघाला, भरपूर फोटो झाले. दुसऱ्या रविवारी आम्ही अकरा जणं. तिसऱ्या रविवारी मी, आमचे हे, शेजारच्या वहिनी आणि त्यांचा भाचा. होळीपर्यंत तलाव परत हिरवागार. आणि मग लोकं म्हणायला लागली, हाताने काढून काही होत नाही हो, ह्याला मशीनच पाहिजे.

मला हे अजिबात पटत नाही. हाताने काढून होतं, फक्त एका रविवारी होत नाही.

एकदा एक रोप हातात घेऊन नीट बघा म्हणजे कळेल. देठ फुगीर, दाबला की स्पंजसारखा आत जातो, त्यातली हवाच त्याला तरंगत ठेवते. खाली काळपट जांभळी मुळं झालरीसारखी लोंबत असतात. आणि बुडाजवळून बाजूला एक नळीसारखी दांडी निघालेली असते, तिच्या टोकाला पिल्लू, त्या पिल्लाला पुढे अजून एक. ही वनस्पती मूळची अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली, तिकडे तिला खाणारे किडे आहेत, इकडे तिला मूळचा कोणी शत्रू नाही. ऊन आणि नाल्याचं पाणी मिळालं की दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. आता हिशोब करा, नव्वद टक्के तलाव साफ केला आणि दहा टक्के कोपऱ्यात राहू दिला, तर दहाचे वीस, वीसचे चाळीस, चाळीसचे ऐंशी, झाला दीड महिना! शिवाय बी गाळात जाऊन बसतं ते पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं. म्हणून पहिल्या दिवशी किती ट्रॉल्या भरल्या ह्याला मी फार किंमत देत नाही, पंधरा दिवसांनी त्याच कोपऱ्यात परत कोण उतरलं हे महत्त्वाचं.

काढायचं कसं हे आम्हाला एका म्हाताऱ्या बाबांनी शिकवलं, त्यांचा सगळा जन्म शिंगाड्याच्या तलावांत गेलाय. आम्ही पानं धरून ओढत होतो. ते ट्रकच्या ट्यूबवर बसून शांतपणे बघत होते, मग म्हणाले, "भिया, पत्ता मत खींचो, नीचे हाथ डालो." पानं ओढली की देठ तुटतो आणि बूड पाण्यातच राहतं, तिथूनच नवीन फुटवा येतो. दोन्ही हात मुळांच्या खाली घालायचे, चटईसारखं उचलायचं, थोडं पाणी निथळू द्यायचं आणि मग पोत्यात. लांबचे थर असतील तर नायलॉनच्या दोरीने घेरून काठाकडे ओढायचे, वाऱ्याच्या दिशेने, वाऱ्याशी भांडायचं नाही. हातमोजे घाला, नाहीतर नुसती खाज सुटते, आणि तळाशी काच असते म्हणून गमबूट हवेतच.

आणि कृपा करून काठावर ढीग लावू नका! आमच्याकडे पहिल्या वर्षी हीच चूक झाली. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं तिच्यात, त्यामुळे ढीग वरून वाळलेला दिसतो पण आत ओला आणि जिवंत असतो, पहिल्या मोठ्या पावसात अर्धा माल परत तलावात. एक-दोन दिवस निथळू दे, पण पाणी चढतं त्या रेषेच्या बरंच वर, मग उचलून खताला द्या. तलावात कारखान्यांचं पाणी येत असेल तर ते खत भाजीला नको, मुळं जड धातू ओढून घेतात.

मशीनला माझा विरोध नाही, मोठ्या जलाशयांना ती लागतातच. पण कापत जाणारं मशीन आलं आणि मागे तुकडे वेचायला माणूस नसला तर तुकड्या-तुकड्याचं रोप होतं. औषध फवारलं तर सगळं एकदम मरून पाण्यातच कुजतं, ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. तिला खाणारे भुंगे 1980च्या दशकात आपल्या देशात आणले गेले, आपल्याच जबलपूरच्या तण संशोधन केंद्राने त्यावर बरंच काम केलंय, काम चांगलं आहे पण भुंग्यांना वेळ लागतो. ह्या सगळ्याबरोबर हात लागतातच.

बंगालमध्ये ह्या जलकुंभीने शेती आणि होड्यांचे रस्ते इतके अडवले होते की 1936 मध्ये तिच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, आणि 1937 च्या निवडणुकीत ती काढून टाकायचं आश्वासन पक्षांनी दिलं होतं. पुढे फजलुल हकांच्या सरकारने गावोगावच्या लोकांना पाण्यात उतरवलं. निवडणुकीचा मुद्दा जलकुंभी! आपल्याकडे तलाव कोणाच्या जाहीरनाम्यात असतो सांगा.

आणि आपल्याला तर लांब जायची गरजच नाही. होळकरांच्या काळातला आपला सिरपूर तलाव 2022 मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) गेला, यशवंतसागरही गेला, 2025 च्या जानेवारीत इंदूरला उदयपूरबरोबर रामसरची वेटलँड सिटी म्हणून मान्यता मिळाली. सिरपूर काही आपोआप वाचला नाही, पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांचे नेचर व्हॉलंटिअर्स वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागले होते. वर्षानुवर्षं, एक रविवार नव्हे.

काही पक्षीवाले मित्र म्हणतात की सगळी काढू नका, कमळपक्षी तिच्यावर चालतो. बरोबर आहे त्यांचं, तो चालतो, आणि पावसाळ्यात तरंगत्या पानांवर घरटंही करतो. म्हणून दिवाळीनंतर सुरू करून पावसाच्या आधी थांबायचं, आणि कमळ, कुमुदिनी, शिंगाडा ह्यांना हात लावायचा नाही, कमळपक्ष्याला ती पुरतात. जाड थराखाली ऊन पोचत नाही, पाण्यात ना शेवाळ ना मासा, मग वारकरी (ते काळे पाणपक्षी) आणि बदकं तरी काय खाणार.

नाल्याचं सांगितल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. घाण पाणी हेच तिचं जेवण. ते वळवल्याशिवाय दर वर्षी उतरावं लागणार, मला मान्य आहे. पण नाला वळेपर्यंत हात बांधून बसायचं हे मान्य नाही.

ह्या वर्षी आम्ही दर पंधरा दिवसांनी जातोय, दिवाळीनंतर सहा खेपा झाल्या. मागच्या खेपेला सात जणं होतो. नाल्याच्या तोंडाशी जुनी मच्छरदाणी धरून पाणी गाळलं तर बोटाएवढी पिल्लं निघाली, मी मोजली, एकशे चाळीस. वरून बघितलं तर तो कोपरा अगदी साफ दिसत होता. पलीकडच्या मोकळ्या पाण्यात चार वारकरी होते, मागच्या वर्षी तिथे एकही नव्हता.

पुढची खेप येत्या रविवारी, सकाळी साडेसहाला. गमबूट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून या, पोहता येत नसेल तर काठावर पोती भरायला या. एक मच्छरदाणी माझ्याकडे आहे, कोणाकडे जुनी पडली असेल तर घेऊन या.