‘व्हिडिओ दाखवा, बाळ लवकर बोलेल’ म्हणे!

आमच्या नात्यातल्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच फॉरवर्ड चौथ्यांदा आला. वर ‘प्रत्येक आईबाबांनी वाचावे’, खाली जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा: सहाव्या महिन्यापासून रोज शैक्षणिक व्हिडिओ दाखवा, मुलं लवकर बोलतात आणि इंग्रजी आपोआप येतं, मोबाइल समोर असला की पोटभर जेवतात, ज्याच्या हाती आज मोबाइल नाही, तो उद्या मागे पडणार. शेवटी शिक्का: ‘आता डॉक्टरही हेच सांगतात.’

शिक्क्यापासूनच सुरुवात करते, कारण तो सरळ खोटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये सांगितलं ते असं: पहिल्या वर्षात स्क्रीन नको, दुसऱ्या वर्षातही नको, २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, जवळपास हेच म्हणते. दोन वर्षांखाली तिने सूट दिली आहे ती नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलची. म्हणजे नाशिकच्या आजीला स्क्रीनवर पापी द्यायला हरकत नाही.

आता भाषेचा मुद्दा. फॉरवर्डमधलं सगळ्यात मोठं आमिष हेच. २००३मध्ये सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली. काही बाळांसमोर मँडरिन, म्हणजे चीनची मुख्य भाषा, बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसली, पुस्तकं वाचली, खेळणी खेळली. अशा फक्त बारा बैठका झाल्या, आणि या बाळांना मँडरिनमधले ते ध्वनी वेगळे ओळखू येऊ लागले, जे इंग्रजीत नसतातच. दुसऱ्या गटाला तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. कानावर पडलं तेवढंच, पण कानात शिरलं काही नाही.

असं का, हे कुठल्याही घरात दिसतं. बाळ खिडकीकडे बोट करतं, आपण म्हणतो, ‘काऊ आला होय? काव काव करतोय?’ शब्द बाळाची नजर जिथे आहे तिथेच जाऊन पडतो. व्हिडिओला बाळाची नजर दिसत नाही. आमची लेक दीड वर्षांची असताना स्क्रीनवरचं लाल फळ बघून खणखणीत ‘ॲपल’ म्हणायची. फळवाल्याच्या गाडीसमोर मात्र सफरचंद दोन्ही हातांत धरून गप्प उभी. आणि मी तोवर हा पराक्रम अर्ध्या सोसायटीला सांगून मोकळी झाले होते.

अमेरिकेत २०१०मध्ये १२ ते १८ महिन्यांच्या मुलांना घरी महिनाभर शब्द शिकवणारी डीव्हीडी दाखवून पाहिली. ती न पाहिलेल्या मुलांपेक्षा त्यांना जास्त शब्द आले नाहीत. सगळ्यात जास्त शब्द शिकली ती डीव्हीडीशिवाय, आईबाबांनी रोजच्या कामांत शिकवलेली मुलं. गंमत पुढे आहे: ज्या आईबाबांना डीव्हीडी स्वतःलाच आवडली होती, त्यांना आपलं मूल त्यातून जास्त शिकलं असं वाटत होतं. ‘आमचा तर शिकला’ म्हणणाऱ्या काकांसाठी हे खास.

जेवणाचं म्हणाल, तर घास जातो हे खरं आहे. आपण सगळ्यांनी हे केलंय. पण बाळ नकळत आ करत राहतं आणि पोट भरल्याचं त्याला कळत नाही. ‘चिऊचा घास, काऊचा घास’ हीसुद्धा फसवणूकच होती, असं कोणी म्हणेल. असेल. पण तो भरवणारा माणूस बाळाच्या तोंडाकडे बघत असायचा. बाळाने मान फिरवली की चिऊ उडून जायची.

‘मागे पडेल’ यावर फार लिहायला नको. माझ्या आजेसासूबाई ऐंशीव्या वर्षी चार दिवसांत स्मार्टफोन शिकल्या.

फॉरवर्डमध्ये खऱ्याचा एक अंश आहे, फक्त वय चुकलंय. तीन-चार वर्षांची मुलं नीट बेतलेल्या कार्यक्रमातून शिकतात. १९६९पासूनच्या ‘सेसमी स्ट्रीट’ या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमावर याचा भरपूर अभ्यास झालाय. शेजारी बसून मोठ्यांनी गप्पा मारल्या तर आणखी. उलट्या टोकाचा फॉरवर्डही फिरतो, ‘मोबाइलमुळे ऑटिझम होतो’. तेही सिद्ध झालेलं नाही, आणि त्यापायी लोक मोबाइल काढून घेऊन नुसती वाट बघत बसतात. मूल बोलायला उशीर करत असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जा, कान तपासून घ्या.

दोघंही नोकरीवर, मदतीला कोणी नाही, अशा घरात कुकरच्या तीन शिट्ट्यांपुरता व्हिडिओ लागला म्हणून कोणी आईला आरोपी करू नये. तेव्हा निदान ऑटोप्ले बंद असावा, म्हणजे एक गाणं संपलं की खरंच संपतं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद होऊ लागले, मोठ्यांचेसुद्धा. आमच्याकडे भोंगा नाही, ताटाशेजारी फोन नाही एवढाच नियम आहे. तो आठवड्यातून दोनदा तरी मोडतो. लेकीमुळे नाही, तिच्या बाबांच्या क्रिकेटमुळे.