रिले काढून हॉर्न डायरेक्ट करा म्हणे!

पावसाळा लागला की एक मेसेज सोसायटीच्या ग्रुपांवर फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: "कारचा हॉर्न बंद पडला तर गॅरेजवाल्याला पैसे देऊ नका. रिले हा कंपनीने पैसे काढायला बसवलेला फालतू भाग आहे. काढून फेका, स्टिअरिंगच्या बटणाची वायर थेट हॉर्नला जोडा, आवाज दुप्पट येईल. रिले टक् वाजत असेल तर तो चांगला आहे, हॉर्नच गेलाय असं समजा. फ्यूज उडत असेल तर 30 चा टाका. रिले ठेवायचाच असेल तर उघडून पॉलिश पेपर मारा, नाहीतर शेजारचा कुठलाही काढून लावा." खाली जोडलेले हात आणि 'सर्वांना पाठवा'.

रिले म्हणजे छोट्या डबीतला स्विच: बटणाच्या थोड्याशा करंटने आतली तारेची कॉइल चुंबक बनते आणि हॉर्नचा मोठा करंट जोडते. मला हा मेसेज चौघांनी पाठवला. त्यातल्या एकाने, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी, सगळं करून झाल्यावर.

"रिले फालतू, बटण थेट हॉर्नला जोडा"

काकांनी बटणाची वायर शोधून हॉर्नच्या पिनला जोडली. हॉर्न ढिम्म. मग मला हाक मारली. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगचं बटण प्लस पाठवतच नाही, ते फक्त अर्थ (अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली बॅटरीची मायनस बाजू) देतं. काकांचा हॉर्न एका पिनचा, त्याचं दुसरं टोक ब्रॅकेटमधून बॉडीला. म्हणजे पिनलाही अर्थ, बॉडीलाही अर्थ. वाजणार काय, कपाळ?

समजा हॉर्न दोन पिनांचा आहे आणि एका पिनला तुम्ही कायमचा प्लस दिलात. वाजेल. पण हिशेब बघा. रिलेची कॉइल साधारण 70 ते 100 ओहमची असते. 80 धरली तर 12 भागिले 80, म्हणजे 0.15 अँपिअर. बटणातून एवढाच करंट जावा अशी रचना केलेली असते. हाय आणि लो असे दोन हॉर्न मिळून 8 ते 10 अँपिअर ओढतात, साधारण साठपट. आणि तो जाणार कुठून, तर क्लॉक स्प्रिंगमधून. स्टिअरिंगखाली घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली ही चपटी रिबन केबल, एअरबॅगची जोडणीही तिच्यातूनच जाते. शे-दोनशेचा रिले वाचवून ती जाळायची, ही कुठली बचत?

"मोटरसायकलला कुठे असतो रिले?" काकांचा प्रश्न. अनेक मोटरसायकलींना नसतोच. तिथे हॉर्न एकच, छोटा, आणि हँडलवरचा स्विच तेवढा भार घ्यायलाच बनवलेला.

दुप्पट आवाजाचं म्हणाल तर उलटच आहे. बॅटरीपासून जाड वायरने, रिलेतून, जवळच्या वाटेने आलेला प्लसच हॉर्नला पुरते व्होल्ट देतो. रिले काढल्यावर आवाज वाढला असेल तर तो रिले आधीच सडलेला होता, बाकी काही नाही.

"टक् वाजला म्हणजे रिले चांगला"

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, आणि चांगला हॉर्न बदलून बसतात. टक् आवाज एवढंच सांगतो की कॉइलने आतली पट्टी ओढली. पट्टीच्या टोकाच्या पॉइंटांतून करंट पलीकडे गेला का, हे तो सांगत नाही.

काकांचा रिले मी स्क्रू ड्रायव्हरने टोपण उचकून उघडला. आत तांब्याच्या तारेची रीळ, वर एक पत्र्याची जीभ आणि मोहरीएवढे दोन पॉइंट. एक मधोमध खड्डा पडून काळा झालेला, दुसऱ्यावर तेवढाच उंचवटा. शेजारचं प्लास्टिक पिवळटलेलं. अशा पॉइंटाचा रोध 0.2 ओहम जरी झाला तरी 10 अँपिअरला तिथेच 2 व्होल्ट खर्ची पडतात, आणि त्या मोहरीएवढ्या जागेत 20 वॅटची उष्णता तयार होते. हॉर्न मग घसा बसल्यासारखा वाजतो, किंवा वाजतच नाही. मल्टिमीटर ओहमवर लावलात तर तो जवळपास शून्य दाखवून मोकळा, कारण त्याचा स्वतःचा करंट नगण्य. लोड असतानाच मोजायला हवं.

मी करतो ते असं. रिले उपसायचा, सॉकेटमध्ये 30 नंबरला (बॅटरीकडून प्लस येतो ती पिन) 12 व्होल्ट येतात का बघायचे. मग 15 अँपिअरचा फ्यूज लावलेल्या वायरच्या तुकड्याने 30 आणि 87 (हॉर्नकडे जाणारी पिन) क्षणभर जोडायचे. हॉर्न खणखणीत वाजला तर हॉर्न, त्याची वायर आणि अर्थ तिन्ही सुटले. दोष रिलेत किंवा बटणाच्या बाजूला. आता मीटर बॅटरीचा प्लस आणि 85 (कॉइलचं बटणाकडचं टोक) मध्ये धरून कोणाला तरी बटण दाबायला सांगायचं. 12 आले तर बटण आणि क्लॉक स्प्रिंग ठीक, रिले बदला. नाही आले आणि सोबत एअरबॅगचा दिवाही लागलाय, किंवा स्टिअरिंग एका कोनात असतानाच हॉर्न वाजतो, तर क्लॉक स्प्रिंगवर संशय घ्या. त्या वेळी पिवळ्या प्लगांना हात लावू नका, ते एअरबॅगचे. (काही गाड्यांत बटण अर्थ नव्हे, प्लस देतं, तेव्हा रिलेवरचं चित्र आधी बघा.)

तुकडा जोडूनही हॉर्न नाही वाजला, तर बंपरमागे वाका. हॉर्न चिखलपाण्याच्या तोंडावरच बसवलेला असतो. कोकणात एका पावसात पिनेवर हिरवा गंज चढतो, ब्रॅकेटचा अर्थ जातो. शिवाय उंदीर. एका पिनच्या हॉर्नला, तो तुकडा क्षणभर जोडलेला असताना बॅटरीच्या मायनसपासून हॉर्नच्या बॉडीपर्यंत अर्ध्या व्होल्टाहून जास्त दिसले तर दोष अर्थाचा. हा हॉर्न किंवा रिले बदलून जाणार नाही.

"फ्यूज उडतोय? 30 चा टाका"

फ्यूज हॉर्नसाठी नसतो, वायरसाठी असतो. 10 अँपिअरचा लाल किंवा 15 चा निळा काढून 30 चा हिरवा बसवलात की मग वायरच फ्यूज होते, तीही इंजिनाशेजारी. काही गाड्यांत हॉर्न आणि हॅझर्डचे दिवे (चारही इंडिकेटर एकदम) एकाच फ्यूजवर असतात. हॅझर्डही बंद असतील तर शोध तिथूनच सुरू करावा.

"पॉलिश पेपर मारा"

घाटात अडकलात तर मारा, घरी पोचाल. पॉइंटावर चांदीच्या मिश्रधातूचा पातळ थर असतो, तो घासून गेला की खालचा धातू आणखी लवकर जळतो. काकांचा मी घासून लावला, तो चौथ्या दिवशी परत गप्प झाला. माझाही थोडा हावरटपणाच.

"शेजारचा कुठलाही लावा"

हे अर्धं खरं आहे. तोच पार्ट नंबर असेल तर शेजारच्याशी अदलाबदल ही सगळ्यात झटपट चाचणी. पण पिना बसल्या म्हणजे रिले तोच, असं नाही. काहींच्या कॉइलवर डायोड असतो, तो उलटा पडला की थेट शॉर्ट. पाच पिनांच्या सॉकेटमध्ये चार पिनांचा बसतो, पण 87ए वर (रिले बंद असताना जोडलेली राहणारी पाचवी पिन) चालणारं जे काही असेल ते बंद पडतं. 30, 85, 86, 87 हे आकडे जर्मन मानकातले आहेत. अनेक जपानी रिलेंवर त्याऐवजी 1, 2, 3, 5 असतं, तिथे 1 आणि 2 कॉइलचे.

मेसेजमध्ये नसलेला एक प्रसंग राहिला. रात्री दोन वाजता हॉर्न आपोआप सलग वाजायला लागला तर वायरी तोडू नका, रिले उपसा. आवाज थांबेल. मग रिले हातात घेऊन 30 आणि 87 वर मीटरचा बझर लावा. वाजला तर पॉइंट एकमेकांना वितळून चिकटलेत, सकाळी नवा आणा. नाही वाजला तर बटण दाबलेलंच राहिलंय किंवा त्याच्या वायरला कुठेतरी अर्थ लागलाय, आणि स्टिअरिंगचं कव्हर उघडावं लागेल. ते मात्र बॅटरीची मायनस काढून, गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेली वेळ थांबून, आणि एअरबॅगची माहिती असलेल्या माणसाकडूनच.