एक अक्षर बदललं की सगळं कोसळतं? नाही!

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीनं तिचा विज्ञान प्रकल्प अर्ध्यात सोडला. पिढ्यानपिढ्या आपोआप सुधारत जाणारा प्रोग्राम तिला करायचा होता. "मावशी, हे होतच नसतं, वाच हे," म्हणत तिनं एक मेसेज पाठवला. तोच मेसेज मला आधी तीन ग्रुपांवर आला होता आणि मी न वाचता सोडून दिला होता. चूक केली. दावा असा: डीएनए म्हणजे प्रोग्राम, प्रोग्राममधलं एक अक्षर चुकलं की तो बंद पडतो, म्हणून आपोआप झालेल्या चुकांतून सजीव काय आणि प्रोग्राम काय, सुधारूच शकत नाही. खाली जोडीला आणखी चार मुद्दे आणि "संगणकतज्ज्ञांनी हे सिद्ध केलंय". कोणी, कधी, कुठे, याचा पत्ता नाही.

मी रोज कोड लिहिते, त्यामुळे एक गोष्ट मान्य करणं भाग आहे. आम्ही लिहितो तो कोड खरोखरच नाजूक असतो. एक कंस विसरला की कंपायलर, म्हणजे कोड यंत्राला समजेल असा करून देणारा प्रोग्राम, पुढे सरकत नाही. पण हा दोष आमच्या लिहिण्याच्या पद्धतीचा आहे. तो डीएनएच्या गळ्यात कशासाठी बांधायचा?

डीएनएची लिपीच वेगळ्या घडणीची आहे. ए, टी, सी आणि जी ही चार अक्षरं, तीन अक्षरांचा एक शब्द, असे ६४ शब्द. त्यांतले ६१ मिळून फक्त २० अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, सांगतात, उरलेले तीन म्हणजे 'थांबा'. सीटीटी हा शब्द घ्या. त्याचा अर्थ ल्यूसिन हे अमिनो आम्ल. शेवटचा टी काढून तिथे सी, ए किंवा जी, काहीही बसवा. अर्थ ल्यूसिनच राहतो. उलट हिमोग्लोबिनच्या जनुकात एका ठरावीक जागी जीएजीचं जीटीजी झालं की ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, आणि आई-वडील दोघांकडूनही तीच प्रत आली तर सिकलसेल हा रक्ताचा आजार होतो. म्हणजे एका अक्षरानं अनर्थ होऊ शकतो, हे खरं. "प्रत्येक अक्षरानं होतोच" हे धादांत खोटं. आई-वडिलांत नसलेले साधारण ६० नवे बदल आपल्यातला प्रत्येक जण जन्मतःच घेऊन येतो, आणि तरी आपण धडधाकट जगतो.

"प्रत्येक बदल घातकच" हा दुसरा मुद्दा इथेच निकालात निघतो. सिकलसेलची एकच प्रत असेल तर ती गंभीर मलेरियापासून बचाव करते. तेच अक्षर, परिस्थिती वेगळी.

आता प्रोग्रामकडे वळू, कारण भाचीचं मन तिथेच मोडलं. २००३ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत रिचर्ड लेन्स्की, चार्ल्स ऑफ्रिया, रॉबर्ट पेनॉक आणि क्रिस्टोफ अदामी यांचा शोधनिबंध आला. 'अविडा' नावाच्या संगणकी व्यवस्थेत त्यांनी स्वतःची नक्कल करणारे छोटे प्रोग्राम सोडले. नक्कल करताना मधूनमधून चुका होत. खुबी अशी की तिथल्या आज्ञा कुठल्याही क्रमानं लावल्या तरी चालतात. निकाल निरुपयोगी येईल, पण यंत्र अडत नाही. मूळ प्रोग्रामला नक्कल करण्यापलीकडे काही येत नव्हतं. साधी तार्किक क्रिया जमली की त्याला चालायला जास्त वेळ मिळे. सगळ्यात अवघड क्रिया होती दोन संख्या अंकागणिक जुळतात का ते पाहण्याची. तिला किमान १९ आज्ञा लागतात. ५० पैकी २३ प्रयोगांत ती क्रिया अवतरली, आणि दर वेळी वेगळ्या वाटेनं. सोप्या क्रियांचं बक्षीस काढून घेतलं तेव्हा ५० पैकी एकाही प्रयोगात ती आली नाही. काही बदल तर झाले तेव्हा नुकसानीचेच होते, पुढे तेच पायरी ठरले.

"पण बक्षीस माणसानंच ठरवलं ना?" हा मेसेजमधला तिसरा मुद्दा. हो, ठरवलं. तेवढं बरोबर आहे. पण त्या १९ आज्ञा कशा जुळवायच्या, हे कोणीही सांगितलं नव्हतं, आणि दावा नेमका तेच अशक्य असल्याचा आहे.

चौथा मुद्दा: "जिवाणू हजारो पिढ्यांनंतरही जिवाणूच राहिले." राहिले, पण काय झाले ते बघा. लेन्स्की यांनीच १९८८ मध्ये ई. कोलाय या जिवाणूच्या १२ वसाहती वेगवेगळ्या वाढवायला घेतल्या. प्रत्येक चंबूत सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार, होतं, पण ऑक्सिजन असताना ते खाणं या जिवाणूला जमत नाही. ३१,००० पिढ्या उलटल्यावर बारांपैकी एका वसाहतीला ते जमलं. सायट्रेट आत घेणारं जनुक त्याच्याकडे आधीपासून होतं. त्याची एक जादा प्रत डीएनएतल्या, जनुक चालू करणाऱ्या अशा बटणाशेजारी जाऊन पडली जे ऑक्सिजनमध्येही चालू राहतं. दर ५०० पिढ्यांनी नमुने गोठवून ठेवलेले होते. ते पुन्हा वाढवले, तेव्हा ही करामत फक्त २०,०००व्या पिढीनंतरच्या नमुन्यांना साधली, आधीच्यांना नाही. मला सगळ्यात थक्क करतं ते हे: मधल्या काळात उत्क्रांत होण्याची क्षमताच बदलली होती. जी पायरी पूर्वी आवाक्यात नव्हती ती आवाक्यात आली होती.

"अर्धा डोळा काय कामाचा?", म्हणजे डोळा टप्प्याटप्प्यानं घडूच शकत नाही, या शेवटच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. नॉटिलस या शंखवाल्या सागरी प्राण्याच्या डोळ्याला भिंगच नाही, आणि त्याचं भागतं.

परवा रात्री भाचीला घेऊन बसले. तिचा प्रोग्राम पाहिला आणि घोळ कळला. ती कोडच्या मजकुरातली अक्षरं बदलत होती, त्यामुळे बदललेली जवळजवळ प्रत्येक प्रत सुरूच होईना. अशातच हा मेसेज आला, मग तो पटणारच. आम्ही मजकूर बाजूला ठेवला आणि कशाही क्रमानं चालतील अशा बारा आज्ञांची यादी करायला घेतली. काल तिचा फोन आला, आठ झाल्यात. नववीत शून्यानं भागायची वेळ आली तर काय करायचं, एवढ्यावर गाडी अडलीय.