पेनड्राइव्ह बूट होईना म्हणून मदरबोर्ड बदलायला काढू नका

सोलापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बूट होत नसेल, म्हणजे मशीन त्यावरून चालू होत नसेल, तर आयएसओ (सगळं विंडोज एकत्र बांधलेली मोठी फाइल) परत कॉपी करा, सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सेटिंग) बंद करून लेगसी (बूटची जुनी पद्धत) चालू करा, तरी नाही झालं तर मदरबोर्ड गेला. तिन्ही गोष्टी लोकांना खड्ड्यात घालणाऱ्या आहेत.

आयएसओ नुसती कॉपी करून काही होत नाही, कारण मशीन पेनड्राइव्हवर बूटची ईएफआय फाइल शोधतं आणि ती आयएसओच्या आत असते. आतल्या फायली बाहेर काढून पेनड्राइव्हवर ठेवायच्या म्हटलं तर फॅट३२ या फॉरमॅटवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, विंडोजची इन्स्टॉल डॉट विम बऱ्याचदा त्याच्या वर जाते. एनटीएफएस हा दुसरा फॉरमॅट केला तर बऱ्याच मशीनचं यूईएफआय (मशीन चालू करणारं बोर्डवरचं नव्या पद्धतीचं सॉफ्टवेअर) तो वाचतच नाही. म्हणून पेनड्राइव्ह बनवायला रुफस नाहीतर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरा, विषय संपला.

लेगसीचं मात्र डेंजर आहे ओ. आताच्या मशीनची डिस्क जीपीटी (पार्टिशनची नवी पद्धत) असते, लेगसीवरून सेटअप चालू केला की तो म्हणतो या डिस्कवर विंडोज टाकता येणार नाही, मग घाईत कुणीतरी सगळे पार्टिशन उडवतं आणि एखाद्या टॉवेल कारखान्याचा वर्षाचा हिशोब त्यातच जातो. विंडोज ११ ला तर यूईएफआयच लागतं, आणि पुष्कळ नव्या लॅपटॉपमधे लेगसी हा पर्यायच नसतो. विंडोजसाठी सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही, उबंटू फेडोरासुद्धा ते चालू असताना बूट होतात. उलट बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर या सेटिंगला हात लावल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो, ती आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे बघून लिहून ठेवा.

आणि मदरबोर्ड? बायोसची (मशीनच्या सेटिंगची) स्क्रीन येते, कीबोर्ड चालतो, जुनं विंडोज उघडतं, मग बोर्ड गेला कशावरून म्हणतेत? शटडाउन नको, रीस्टार्ट करा, डेल लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९ दाबून बूट मेनूत यूईएफआय लिहिलेला पेनड्राइव्ह निवडा. हब काढा, पोर्ट बदला, तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावून बघा. तिथंही चालला नाही तर दोष पेनड्राइव्हचा. नवी पेठेत दुकानवाला बोर्डच गेलाय म्हणाला तर त्याचा चालू असलेला पेनड्राइव्ह तुमच्यासमोर लावून दाखवायला सांगा, पैशाचं नंतर बोला.